सुधारलेली माती आणि अस्तेय

गाव, रस्ता आणि वहिवाट यांपासून दूर असलेल्या डोंगरकपारीत किंवा रानात कोणी भांगेचे बी टाकतो, तेव्हा बी टाकण्याआधी तो तेथल्या मातीला हात घालतो. दगडगोटे वेचतो, घट्ट जमीन भुसभुशीत करतो, निकस जागी बाहेरून आणलेले खत मिसळतो, आणि हंगाम संपला की बहुधा पुन्हा तिकडे फिरकत नाही. कायद्याचे लक्ष अशा वेळी झाडावर असते. धर्मविचाराला मात्र झाडाच्याही आधी मातीचा प्रश्न पडतो : जी भूमी आपली नाही आणि जिच्यापाशी आपण राहणार नाही, ती सुधारण्याचा अधिकार माणसाला कोठून मिळतो? या प्रश्नाचे तीन भाग पडतात. भूमी खणणे हेच मुळात निर्दोष आहे का, हा पहिला. खणून कसदार केलेली भूमी कोणाची, हा दुसरा. आणि सुधारणाऱ्यावर त्या भूमीचे कोणते ऋण चढते, हा तिसरा. भारतीय परंपरांनी या तिन्हींचा विचार केलेला आहे आणि तो एकमुखी नसला तरी त्यातून एक निश्चित कसोटी हाती लागते.

प्रथम वनस्पतीचा विचार बाजूला काढणे इष्ट होईल, कारण तिच्यावरचा दोषारोप मातीचा प्रश्न झाकून टाकतो. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातील एका सूक्तात सोम ज्यांत श्रेष्ठ आहे अशा वनस्पतींच्या पाच राज्यांचा उल्लेख येतो आणि तेथे दर्भ व यव यांच्या जोडीने भंग हे नावही येते. ते आजच्या भांगेचेच नाव आहे का, याविषयी अभ्यासकांत मतभेद असले तरी दुःखातून सोडवण्याची प्रार्थना ज्या वनस्पतींना केली आहे त्यांत तिची गणना होते, एवढे स्पष्ट आहे. पुढे शैव परंपरेत ती शिवाच्या पूजेशी आणि महाशिवरात्रीच्या आचाराशी जोडली गेली. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने अकराशेहून अधिक साक्षी नोंदवून भांग-गांजाच्या वापराची चौकशी केली, तेव्हा मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांनी या वनस्पतीच्या धार्मिक स्थानाविषयी एक स्वतंत्र टिपण सादर केले आणि ते अहवालाला जोडले गेले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही भांग आणि गांजा यांतला भेद पूर्णपणे पुसला नाही; गांजाच्या व्याख्येत फुलोरा येतो, परंतु फुलोऱ्यापासून वेगळी असलेली पाने आणि बिया येत नाहीत. परवान्याशिवाय या झाडाची लागवड करणे मात्र त्याच कायद्याने गुन्हा ठरवले असून त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. तात्पर्य, वनस्पती म्हणून भांग धर्माच्या दृष्टीने त्याज्य नाही आणि सर्वथा मोकळीही नाही.

तिच्या स्वभावातील एक गोष्ट येथे फार उपयोगी पडते. भांग ही एकांताची वनस्पती नव्हे. हिमालयाच्या पायथ्यापासून कुलू आणि कुमाऊँच्या गावांपर्यंत ती आपोआप उगवते ती गोठ्याच्या मागे, उकिरड्याच्या कडेला, मेंढ्या बसवलेल्या जागी आणि पडक्या घरांच्या जोत्यांवर, म्हणजे माणसाने व जनावराने ज्या मातीत आपले मलमूत्र मिसळून नत्र वाढवले आहे अशा ठिकाणी. तिच्या सालीच्या तंतूंपासून कुलू भागात पूला नावाची पादत्राणे विणली जात, आणि तिच्या बियांची चटणी कुमाऊँच्या जेवणात आजही असते. माणसाच्या वस्तीने कसदार झालेल्या मातीचा हा वनस्पतीरूप साक्षीदार आहे. यावरून असे दिसते, की निर्जन जागा ही झाडाची गरज नाही. ती लावणाऱ्याची गरज आहे, आणि निर्जन जागेच्या मातीत जे मुळात नाही ते बाहेरून नेऊन टाकावे लागते ते याच कारणाने. वस्तीपाशी जे सहवासातून घडते, ते रानात सहवासाशिवाय घडवून आणण्याचा हा प्रयत्न असतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळता येईल. भूमी खणणे निर्दोष नाही, असे म्हणणारी परंपरा आपल्याकडे प्राचीन आणि बळकट आहे. बौद्ध भिक्षूंच्या नियमसंग्रहात, ज्याला पातिमोक्ख म्हणतात, जमीन खणणे किंवा खणवून घेणे हा पाचित्तिय, म्हणजे कबुली देऊन शुद्ध होण्याजोगा, अपराध सांगितला आहे. आळवी येथील भिक्षूंनी बांधकामासाठी जमीन खणली तेव्हा लोकांनी नाराजी व्यक्त केली, कारण पृथ्वी ही एका इंद्रियाचा जीव आहे अशी लोकांची समजूत होती, असे या नियमाचे निमित्त ग्रंथात दिले आहे. नियमाचा खुलासा त्याहून लक्षणीय आहे. त्यात जात आणि अजात, म्हणजे जिवंत आणि निर्जीव, अशी मातीची दोन रूपे मानली आहेत : जिच्यात खडे-दगड थोडे आणि माती अधिक ती जिवंत, केवळ किंवा मुख्यत्वे खडीची व भाजलेली ती निर्जीव, आणि उपसून ठेवलेला मातीचा ढीग पावसात चार महिन्यांहून अधिक भिजला तर तो पुन्हा जिवंत ठरतो. एक पावसाळा अंगावर घेतला की उपसलेल्या मातीत जीव येतो, हे सूक्ष्मजीवांची कल्पनाही नसलेल्या काळातले निरीक्षण मातीकडे किती जवळून पाहिले गेले होते याची खूण आहे.

जैन विचार याच्याही पुढे जातो. त्यात पृथ्वीकाय, म्हणजे पृथ्वी हेच ज्यांचे शरीर आहे असे एकेंद्रिय जीव मानले असून, गृहस्थाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांत भूमी फोडण्याचा व्यवसाय मोजला आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लोखंडी फाळाचे लाकूड भूमीला आणि भूमीतल्या प्राण्यांना मारते, या कारणाने ब्राह्मणाला शेती वर्ज्य सांगितली आहे. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला हेच उदाहरण देतो, परंतु त्याचा रोख निराळा आहे. लोक शेतीला उत्तम मानतात आणि तीत तर असंख्य जीव मरतात, तेव्हा सर्वथा अहिंसक असा कोणीच नाही, हे त्याला दाखवायचे आहे.

याच ठिकाणी विचाराला कलाटणी मिळते. हिंसा पूर्ण टाळता येत नसेल तर ती कोणत्या मर्यादेत आणि कोणत्या भावनेने करावी, हा प्रश्न उरतो. ज्या जैन परंपरेने भूमी फोडण्याला दोष दिला तिनेच, आद्य तीर्थंकर ऋषभदेवांनी लोकांना असि, मसि आणि कृषि, म्हणजे शस्त्र, लेखन आणि शेती, या जीविका शिकवल्या असे मानले. आणि हिंसेचे प्रकार पाडताना संकल्पी, म्हणजे मारण्याच्याच हेतूने केलेली हिंसा, आणि उद्योगी, म्हणजे उपजीविकेच्या उद्योगात अपरिहार्यपणे घडणारी हिंसा, असा भेद केला. उपासकदशा या आगमग्रंथातील आनंद नावाचा श्रावक व्रत घेताना शेती सोडत नाही. पाचशे नांगरांच्या जमिनीवर आपली मर्यादा बांधून घेतो. मर्यादेचा आकडा मोठा आहे, पण मर्यादा जाहीरपणे, गुरूसमोर घेतली आहे, हे त्यातले मर्म होय. खणणाऱ्याने आपण किती खणणार हे कोणाला तरी सांगितलेले असावे, असा त्याचा अर्थ घेता येतो.

अथर्ववेदाच्या बाराव्या कांडाच्या आरंभी असलेल्या पृथ्वीसूक्तात हीच गोष्ट प्रार्थनेच्या रूपाने येते. तुझ्यातून जे खणून काढीन ते लवकर भरून येवो आणि तुझ्या मर्मावर माझा घाव न पडो, अशा आशयाची तेथील मागणी खणण्याचा हक्क गृहीत धरत नाही; ती खणण्याआधी परवानगी मागते आणि जखम भरून येण्याची जबाबदारी मनात बाळगते. पुढच्या काळातील कृषिपराशर या शेतीविषयक ग्रंथात खताचा विधी सांगितला आहे तोही असाच आहे : माघात शेणाच्या ढिगाची श्रद्धेने पूजा करावी, मग तो कुदळीने उकरून उन्हात वाळवावा, त्याचे चूर्ण करावे आणि फाल्गुनात शेतोशेती खड्डे करून त्यांत ते पुरावे. यातला व्यवहार साधा आहे, परंतु त्याला महिने लागतात, आणि ते सर्व महिने शेतकऱ्याने त्याच जागी असणे त्यात गृहीत आहे. आसामात आषाढातल्या अंबुबाचीच्या दिवसांत पृथ्वी रजस्वला मानून नांगर-कुदळ थांबवतात, ओडिशातल्या रजपर्वाचे तीन दिवस जमीन खणत नाहीत आणि चौथ्या दिवशी वाटण्याच्या पाट्याला भूदेवी मानून स्नान घालतात. भूमीला विश्रांतीचे दिवस आहेत हे ज्याला पाळायचे आहे, त्याला भूमीचे पंचांग ठाऊक असावे लागते, आणि ते शेजाराशिवाय कळत नाही.

दुसरा प्रश्न स्वामित्वाचा. श्रमाने भूमी आपली होते, हा सिद्धांत पाश्चात्य विचारात जॉन लॉकच्या नावाने ओळखला जातो. १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या शासनविषयक दुसऱ्या निबंधात त्याने असे मांडले, की माणूस आपले श्रम भूमीत मिसळतो तेव्हा ती त्याची होते, आणि जी कसली जात नाही ती पडीक, म्हणजे वाया गेलेली, समजावी. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातही खुंट काढून जमीन साफ करणाऱ्याचे शेत आणि पहिला बाण मारणाऱ्याचे हरीण असा न्याय नोंदलेला आहे, आणि कौटिलीय अर्थशास्त्रात ज्यांनी नापीक जमीन लागवडीखाली आणली त्यांच्याकडून ती काढून घेऊ नये, असे सांगितले आहे. या आधारावर दुर्गम जागेतल्या लागवडकर्त्याला असा युक्तिवाद करता येईल, की ती माती कोणी वापरत नव्हते, तिच्यात दगडांपलीकडे काही नव्हते, आणि जे कसदार झाले ते त्याच्या श्रमाने.

या युक्तिवादाचा पाया पडीक या कल्पनेवर उभा आहे, आणि ती कल्पना नीट तपासली की डळमळते. अर्थशास्त्रातला तोच अध्याय न कसणाऱ्याकडून जमीन काढून दुसऱ्याला द्यावी असेही सांगतो. म्हणजे तेथे स्वामित्व श्रमाने येते आणि सातत्याने टिकते, एका हंगामाच्या श्रमाने ते सिद्ध होत नाही. शिवाय निकस दिसणारी माती खरोखर कोणाच्या उपयोगाची नसते, हेही खरे नाही. सातारा जिल्ह्यातील कासचे पठार हे याचे महाराष्ट्राला परिचित उदाहरण आहे. जांभ्या खडकावरचा तेथील मातीचा थर इतका पातळ आणि नत्रहीन आहे, की दवबिंदू आणि सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती आपले पोषण कीटक पकडून करतात. मातीतली ही उणीव हाच त्यांच्या तेथे असण्याचा आधार आहे. अशा सड्यावर कोणी सद्‌भावनेने पोतेभर शेणखत पसरले, तर जोमदार गवत वाढेल आणि त्याखाली ही इवली झाडे गुदमरतील. पश्चिम घाटाच्या ज्या भागांचा जागतिक वारसा म्हणून २०१२ मध्ये समावेश झाला त्यांत कास आहे, आणि त्याचे महत्त्व त्याच्या गरिबीत आहे. सुधारणा हा शब्द वापरताना ती कोणासाठी, हे सांगणे म्हणूनच बंधनकारक ठरते.

देवराईची प्रथा हाच विचार संस्थेच्या रूपात मांडते. देवराई म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले रान. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या अशा राया अभ्यासल्या. अनेक रायांत पडलेली काटकीही उचलायची नाही, असा दंडक असे. जेथे काही नेता येत नाही, तेथे काही आणून सुधारण्याचाही प्रश्न येत नाही. पाने तेथेच पडतात, तेथेच कुजतात, आणि माती आपली आपण घडते. गावाने कसदार शेत आणि न छेडलेली राई या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या, आणि त्यांतली सीमा देवाच्या नावाने आखली. ज्याला आज निर्जन म्हटले जाते ती जागा अशा रीतीने बहुधा कोणाच्या तरी राखणीत असते. देवतेच्या, मेंढपाळाच्या, वनवासी कुटुंबाच्या किंवा मुक्या प्राण्यांच्या.

प्राण्यांचा उल्लेख अलंकारिक नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सरकारी वनांत चोरून होणाऱ्या गांजाच्या लागवडीत रोपांभोवती उंदरांसाठी विष टाकले जाते. फिशर नावाचा तेथील एक लहान मांसाहारी वन्य प्राणी अशा उंदरांवर जगतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलेल्या ५८ मृत फिशरांपैकी ४६ प्राण्यांच्या शरीरात उंदीरनाशक विष आढळले, आणि वस्तीपासून इतक्या दूर ते कसे पोचले याचा माग संशोधकांनी या छुप्या लागवडींपर्यंत नेला. ज्याने मातीचा कस वाढवला त्यानेच त्या मातीवर जगणाऱ्यांचा घास विषारी केला. तो तेथे राहणारा असता तर त्याच ओढ्याचे पाणी त्याला प्यावे लागले असते. तो राहणारा नव्हता, म्हणून त्याला ते दिसले नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे ऋणाचे, सर्वांत खोल उत्तर भागवत पुराणाच्या चौथ्या स्कंधातील पृथु राजाच्या आख्यानात सापडते. प्रजा उपाशी आहे आणि पृथ्वीने वनस्पती गिळून टाकल्या आहेत; पृथु धनुष्य घेऊन तिच्या मागे लागतो आणि गाईच्या रूपाने पळणारी पृथ्वी अखेर थांबून आपली बाजू मांडते. तिचे म्हणणे असे, की व्रतहीन लोक वनस्पतींचा उपभोग घेत होते, राजे तिचे पालन करत नव्हते, आणि सारे जग चोर झाले, म्हणून तिने त्या आपल्या पोटात लपवल्या. मग ती उपाय सांगते : तिला योग्य वासरू द्यावे, योग्य पात्र आणि दोहन करणारा द्यावा, आणि तिचा उंचसखल पृष्ठभाग सम करावा, म्हणजे पावसाळा सरल्यावरही पावसाचे पाणी तिच्यावर टिकून राहील. बांधबंदिस्ती करणाऱ्या शेतकऱ्याला हे शेवटचे वाक्य ओळखीचे वाटेल. या आख्यानात पृथ्वी सुधारणेला विरोध करत नाही, उलट ती मागते. परंतु त्याआधी ती चोरी थांबवायला सांगते, आणि वासराचा उल्लेख करून हेही सुचवते, की दूध ज्याच्यासाठी येते तो जीव समोर असल्याशिवाय दोहन होत नाही.

चोरी हा येथला कळीचा शब्द आहे, आणि तो तिन्ही प्रमुख परंपरांच्या आचारधर्मात मध्यवर्ती आहे. योगसूत्रांतील यमांत अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, सांगितले आहे. जैन आणि बौद्ध व्रतांत त्यालाच अदत्तादान टाळणे म्हणतात, म्हणजे जे दिले गेलेले नाही ते न घेणे. भगवद्‌गीतेच्या तिसऱ्या अध्यायात देवांनी दिलेले भोग त्यांना परत काही न देता जो भोगतो त्याला चोर म्हटले आहे. या व्याख्येप्रमाणे चोरीसाठी मालक असणे आवश्यक नाही. घेणे आणि देणे यांचे चक्र तोडले की चोरी झाली. दुर्गम जागेतला लागवडकर्ता मातीला खत देतो हे खरे, पण ते तो मातीला देत नाही, स्वतःच्या पिकाला देतो. पीक नेल्यावर उरलेला कस, प्लॅस्टिक आणि विष यांचे काय होते याच्याशी त्याचा संबंध राहत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की माणसाला दुर्गम जागी कायद्याने ढकलले. परवाना मिळाला असता तर त्याने आपल्या शेतातच बी पेरले असते. हा आक्षेप पूर्णपणे फेटाळता येत नाही. उत्तराखंड राज्याने २०१८ पासून तंतूंसाठी मर्यादित मादकतेच्या भांगेला परवान्याने वाट दिली, यावरून उघड्यावरची शेती शक्य आहे हे दिसते, आणि पिढ्यान्‌पिढ्या पायऱ्यांच्या शेतात राहणारा पहाडी शेतकरी व बाहेरून येऊन रान उकरणारा यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरीही कायदा कठोर आहे म्हणून रानाने त्याची किंमत मोजावी, असे त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप असा, की हेतू काहीही असो, कसदार झालेली माती मागे राहते, तेव्हा हे दानच आहे. दानाला मात्र घेणारा लागतो आणि त्याची पात्रता पाहावी लागते; कासच्या सड्याला खत हे दान नाही, तो अपघात आहे.

विनोबा भावे यांनी १९५१ मध्ये तेलंगणातील पोचमपल्ली येथून भूदान सुरू केले, तेव्हा मिळालेल्या जमिनींत खडकाळ आणि नापीक जमिनीही पुष्कळ होत्या, आणि त्या कसदार करण्याचे काम भूमिहीनांच्या वाट्याला आले. ती सुधारणा उघड होती, गावाच्या साक्षीने होती, आणि करणारा त्याच मातीवर म्हातारा होणार होता. पवनारच्या आश्रमात विनोबांनी बैलांशिवाय, हातांनी केलेल्या ऋषिशेतीचा आग्रह धरला, त्यामागेही श्रम करणारा आणि भूमी यांच्यात अंतर राहू नये हीच दृष्टी होती. वर तपासलेल्या सर्व परंपरा याच एका कसोटीवर येऊन मिळतात : खणण्याचा दोष मर्यादेने सौम्य होतो, मर्यादा साक्षीने टिकते, आणि साक्ष सहवासाने मिळते. जो माती सुधारतो आणि लपतो, त्याच्या बाबतीत या तीनही गोष्टी एकदमच तुटतात, मग पेरलेले बी भांगेचे असो वा तुळशीचे. ज्या मातीपाशी राहण्याची आणि जिच्याविषयी चारचौघांत उत्तर देण्याची तयारी नाही, ती माती सुधारण्याचा अधिकार माणसाला नाही. ती आहे तशी सोडणे हाच तिच्या बाबतीतला धर्म होय.